घड्याळजीचा स्टेकिंग संच : मांडणी, नोंद आणि निगा

घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानात चिमटा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि डोळ्याला लावावयाचे भिंग ही साधने सर्वांच्या परिचयाची असतात. ग्राहकाच्या नजरेस सहसा न पडणारे, परंतु कारागिराच्या कौशल्याची खरी कसोटी पाहणारे आणखी एक साधन त्याच टेबलाच्या खणात असते. ते म्हणजे स्टेकिंग संच. बॅलन्स चाकाचा तुटलेला स्टाफ बदलणे, सैल झालेले रिव्हेट घट्ट करणे, रोलर बसविणे, झिजून मोठे झालेले भोक आवळणे ही कामे या संचाशिवाय नीट होत नाहीत. मात्र संच हाताशी असणे पुरेसे नाही. त्यातील प्रत्येक पंच कोठे आहे, तो कोणत्या मापाचा आहे आणि त्याचे तोंड शाबूत आहे किंवा नाही, हे कारागिरास ठाऊक असले पाहिजे. विस्कळीत संच हा वेळेचा अपव्यय तर करतोच, पण पुष्कळदा ग्राहकाच्या घड्याळाची कायमची हानीही करतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर या विषयाला विशेष महत्त्व आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे तीन तालुके थेट समुद्राला लागून आहेत. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस, त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि उरलेले वर्षभर खारा वारा असे येथील हवामान आहे. स्टेकिंग संचातील पंच हे कडक केलेल्या कार्बन पोलादाचे असतात आणि असे पोलाद दमट, खाऱ्या हवेत लवकर गंजते. त्यामुळे पुण्यात किंवा सोलापुरात जी मांडणी चालून जाते ती मालवणच्या बाजारपेठेत चालेलच असे नाही.

जुन्या घड्याळांचा प्रश्न

कोकणातील घराघरांत आजही यांत्रिक घड्याळे जपून ठेवलेली आढळतात. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत नोकरी करणाऱ्या चाकरमान्याने पहिल्या पगारातून घेतलेले, लग्नात जावयाला दिलेले किंवा निवृत्तीच्या वेळी मिळालेले घड्याळ ही कुटुंबाची ठेव असते. यांतील मोठा वाटा हिंदुस्थान मशीन टूल्सच्या, म्हणजेच ‘एचएमटी’च्या घड्याळांचा आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगलोर येथे या सरकारी उद्योगाने मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. सतरा ज्युएलचे, रोज चावी द्यावयाचे ‘जनता’ हे घड्याळ देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले.

पुढे काळ बदलला. १९६९ मध्ये जपानच्या सैको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढील दोन दशकांत सेलवर चालणाऱ्या स्वस्त घड्याळांनी चावीच्या घड्याळांची जागा घेतली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. याचा दुरुस्तीच्या व्यवसायाशी थेट संबंध आहे. कारखाना चालू असताना बॅलन्स चाकाची कांब बिघडली तर नवे चाक मागविता येत असे. आता सुटे भाग म्हणजे दुकानदारांकडील शिल्लक साठा आणि निकामी घड्याळांतून काढलेले तुकडे. हा साठा वाढणारा नाही. चुकीच्या पंचाचा एक ठोका पडला आणि चाक वाकडे झाले, तर ते घड्याळ पुन्हा चालू होईलच याची शाश्वती राहत नाही. हत्यारांच्या मांडणीचा प्रश्न हा म्हणूनच केवळ नीटनेटकेपणाचा नाही.

संचाची रचना

स्टेकिंग संचाचे मुख्य भाग चार. पहिला भाग म्हणजे फ्रेम. इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराच्या या जड चौकटीच्या वरच्या बाहूत एक सरळ उभे मार्गदर्शक छिद्र असते. दुसरा भाग म्हणजे फ्रेमच्या तळाशी असलेली गोल पोलादी ऐरण, तिला डाय-प्लेट म्हणतात. तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने भोके असतात. ती फिरविता येते आणि खालच्या स्क्रूने जखडता येते. तिसरा भाग म्हणजे पंच. लहान संचात चोवीसच्या आसपास, तर मोठ्या संचात शंभराहून अधिक पंच असतात. चौथा भाग म्हणजे स्टंप, अर्थात डाय-प्लेटच्या भोकात खालून आधार देण्यासाठी बसवावयाचे आखूड तुकडे. अमेरिकेतील केंड्रिक अँड डेव्हिस या कंपनीच्या ‘इन्व्हर्टो’ संचात तर पंचच उलटे बसवून स्टंप म्हणून वापरण्याची सोय होती. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतही असे संच तयार झाले आणि जुन्या घड्याळजींकडून ते पुढच्या पिढीकडे आले.

या साधनाचे मर्म त्याच्या सरळपणात आहे. केंद्र-पंचाचे निमुळते टोक खाली सोडून डाय-प्लेटचे हवे ते भोक बरोबर त्याखाली आणावयाचे, प्लेट जखडावयाची आणि मग केंद्र-पंच काढून कामाचा पंच घालावयाचा. असे केले की वरचा पंच आणि खालचे भोक एकाच रेषेत येतात. हातात धरलेल्या पंचाने हा सरळपणा साधत नाही.

स्टाफ बसविण्याचे उदाहरण

मांडणी कशी असावी हे समजण्यासाठी एका कामाचा क्रम पाहणे उपयुक्त ठरेल. घड्याळ जमिनीवर पडले की बॅलन्स स्टाफचे केसाएवढे बारीक पिव्हट मोडते. एचएमटीच्या अनेक घड्याळांत ‘पॅराशॉक’ ही धक्का शोषणारी रचना असली, तरी जोराच्या आघातापुढे तिचाही इलाज चालत नाही. अशा वेळी हेअरस्प्रिंग आणि रोलर काढून, जुन्या स्टाफचे रिव्हेट लेथवर कापून स्टाफ मोकळा करतात. तो ठोकून बाहेर काढल्यास चाकाच्या कांबेतील भोक मोठे होण्याचा धोका असतो.

नवा स्टाफ डाय-प्लेटवर उभा करताना भोक असे निवडावे लागते की त्यात स्टाफचा खालचा भाग सहज उतरेल, पण त्याचा रुंद कंठ भोकाच्या काठावर पूर्णपणे टेकेल. भोक मोठे असल्यास कंठाला आधार राहत नाही. लहान असल्यास स्टाफ अडकतो. त्यानंतर चाक बसवून प्रथम गोल तोंडाचा पोकळ पंच घेतात. त्याच्या हलक्या ठोक्यांनी रिव्हेटची कड बाहेरच्या बाजूस पसरते. लगेच त्याच आतील मापाचा सपाट तोंडाचा पोकळ पंच घेऊन ती कड चाकावर सपाट बसवितात. प्रत्येक ठोक्यानंतर पंच थोडा फिरवितात, म्हणजे दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो.

येथे दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की पंचाचे आतील भोक स्टाफच्या वरच्या खांद्यावर अगदी बेताने सरकले पाहिजे. ते मोठे असल्यास ठोका रिव्हेटऐवजी चाकाच्या कांबेवर बसतो; लहान असल्यास हेअरस्प्रिंग बसावयाची जागा खरवडली जाते. दुसरी अशी की गोल आणि सपाट तोंडाचे दोन पंच एकामागून एक लागतात आणि दोघांचे आतील माप एकच असावे लागते. मांडणीचा मुख्य नियम यातूनच निघतो : जे पंच एकत्र वापरले जातात ते शेजारी-शेजारी असावेत.

मोजणी आणि वर्गवारी

अव्यवस्थित संच लावावयास घेताना प्रथम सर्व पंच आणि स्टंप स्वच्छ पांढऱ्या कापडावर काढून घ्यावेत. पेटीत असलेला क्रम बरोबर आहे असे गृहीत धरू नये, कारण जुन्या संचात दुसऱ्या संचाचे पंच मिसळलेले असण्याचा संभव असतो. त्यानंतर भिंगातून प्रत्येकाचे तोंड पाहून पुढीलप्रमाणे गट करावेत :

अ गट – पोकळ, सपाट तोंडाचे पंच.
ब गट – पोकळ, गोल तोंडाचे पंच.
क गट – भरीव, सपाट तोंडाचे पंच.
ड गट – भरीव, गोल तोंडाचे पंच.
इ गट – भोक आवळण्याचे, आतून शंकूसारखे खोलगट पंच.
फ गट – विशेष पंच; उदाहरणार्थ, केंद्र-पंच, रोलर काढण्याचे आणि छिन्नीच्या धारेचे पंच.

पोकळ पंचांचे आतील भोक साध्या कॅलिपरने मोजता येत नाही. त्यासाठी ज्ञात जाडीच्या सरळ पिना किंवा बारीक ड्रिलच्या दांड्या वापराव्यात. जी पिन भोकात जेमतेम जाते तिचे माप हेच पंचाचे माप समजावे. बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने घ्यावा. मग प्रत्येक गट लहान मापाकडून मोठ्या मापाकडे लावावा.

क्रमांक देताना अ आणि ब या गटांत समान मापाला समान क्रमांक द्यावा. म्हणजे अ-५ आणि ब-५ यांचे आतील भोक एकच असेल. एखाद्या मापाची जोडी अपुरी असल्यास पुढचा पंच त्या जागी सरकवू नये. ती जागा रिकामी ठेवावी. रिकामे भोक पाहताच कोणता पंच विकत घ्यावयाचा किंवा तयार करावयाचा ते समजते.

क्रमांक पंचाच्या दांडीवर ठोकून उमटवू नये. ठोक्यामुळे दांडीवर सूक्ष्म उंचवटा येतो आणि मार्गदर्शक छिद्रात पंच अडकू लागतो. क्रमांक पंचापेक्षा त्याच्या घरावर, म्हणजे स्टँडवरील भोकाशेजारी लिहिणे अधिक हिताचे. डाय-प्लेटच्या भोकांना कारखान्याचे क्रमांक नसल्यास सर्वांत मोठे भोक पहिले धरून एका दिशेने मोजणी करावी आणि त्याचा तक्ता टेबलासमोर लावावा.

रोजचे आणि नैमित्तिक

शंभर पंचांपैकी नित्याच्या कामाला दहा-बाराच लागतात, ही गोष्ट घड्याळजींना अनुभवाने ठाऊक असते. तरीही पेटीच्या रचनेमुळे दर वेळी सर्व पंचांवरून हात फिरवावा लागतो. म्हणून संचाचे दोन भाग करणे सोयीचे ठरते. रोजचे पंच टेबलावरील लहान स्टँडवर आणि उरलेले मूळ पेटीत ठेवावेत. रोजच्या स्टँडवर पुढील ओळीत अ गट आणि त्यामागे ब गट ठेवल्यास जोडीचे पंच आपोआप समोरासमोर येतात. केंद्र-पंचाला उजव्या टोकाला स्वतंत्र जागा द्यावी, कारण प्रत्येक कामाचा आरंभ त्यानेच होतो. पंच तोंड वर करून उभे ठेवावेत, म्हणजे तोंडाचा प्रकार उचलण्यापूर्वीच दिसतो.

स्टँडसाठी स्थानिक कारागिरीचा चांगला उपयोग होऊ शकतो. लाकडी खेळण्यांसाठी आणि लाखकामासाठी प्रसिद्ध असलेली सावंतवाडी याच जिल्ह्यात आहे. लाकूड कातण्यात निष्णात असलेल्या कारागिराकडून फिरता गोल स्टँड करून घेणे कठीण नाही. लाकूड मात्र पूर्ण वाळलेले असावे. ओल्या लाकडातून, तसेच ओकसारख्या काही जातींच्या लाकडांतून आम्लयुक्त वाफ बाहेर पडते आणि ती पोलादाला गंज आणते. भोके दांडीपेक्षा किंचित सैल आणि आरपार पाडावीत, म्हणजे धूळ व ओल आत साचत नाही. स्टँडला आतून-बाहेरून लाखेचा किंवा व्हार्निशचा हात द्यावा. जुन्या पेट्यांतील मखमलीचे अस्तर दिसावयास सुंदर असले तरी ते ओल धरून ठेवते. कोकणात ते काढून टाकणेच श्रेयस्कर.

नोंदवहीचे महत्त्व

मांडणीचा खरा लाभ नोंदवहीमुळे मिळतो. एका प्रकारच्या मशीनसाठी कोणते भोक आणि कोणते पंच योग्य ठरले हे एकदा लिहून ठेवले, की पुढील वेळी शोधाशोध करावी लागत नाही. वहीत पाच रकाने पुरेत : मशीनचा क्रमांक, केलेले काम, डाय-प्लेटचे भोक, वापरलेले पंच आणि शेरा. ‘कड जाड, ठोके हलके’ एवढा शेराही पुढे मोलाचा ठरतो.

या वहीचा आणखी एक उपयोग आहे. घड्याळजीचे ज्ञान बहुधा त्याच्या बोटांत असते आणि ते बोटांबरोबरच संपते. मुलगा दुसऱ्या व्यवसायात गेला, शिकाऊ हात मिळाला नाही, की दुकान बंद होते आणि संच भंगारात किंवा माळ्यावर जातो. क्रमांकित संच आणि भरलेली वही यांच्या आधाराने नवा शिकणारा निदान योग्य पंच उचलू शकतो. ठोक्याचे वजन त्याला सरावाने शिकावे लागेल. परंतु माप चुकल्यामुळे होणारी हानी टळेल.

पावसाळा आणि खारा वारा

गंजाचा ठिपका पंचाच्या तोंडावर पडला तर त्याचा ठसा प्रत्येक रिव्हेटवर उमटतो. असे तोंड हाताने पॉलिश-कागदावर घासून साफ करण्याचा मोह टाळावा. हाताने घासल्यास तोंडाचा काटकोन जातो आणि पंच एका कडेने दाब देऊ लागतो. गंज येऊच न देणे हाच खरा उपाय होय. त्यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

बोटांच्या घामात मीठ असते. वापरलेला पंच परत ठेवण्यापूर्वी कोरड्या सुती कापडाने पुसावा. आठवड्यातून एकदा पातळ मशीन-तेलाचा अगदी हलका हात द्यावा. काम करताना मात्र ते तेल पुसून टाकावे, नाही तर ते घड्याळाच्या भागांवर जाते. डाय-प्लेटची भोके टोक केलेल्या मऊ लाकडी काडीने साफ करावीत. पोलादी सुईने कोरू नयेत.

मूळ पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. रंग बदलणारे जेल वापरल्यास ते ओल धरून भरले हे कळते; मंद उष्णतेवर वाळवून ते पुन्हा वापरता येते. पेटीत विजेचा दिवा लावून उष्णता राखण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, परंतु किनाऱ्यावर तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळाने या किनाऱ्याला तडाखा दिला तेव्हा अनेक गावांत वीजपुरवठा खंडित झाला होता. विजेवर अवलंबून नसलेली व्यवस्था हीच येथे भरवशाची.

चुंबकत्वाकडेही लक्ष द्यावे. ध्वनिवर्धक किंवा मोबाइल फोन यांच्या चुंबकाजवळ ठेवलेले पंच चुंबकीय बनतात आणि हेअरस्प्रिंगला खेचतात. लहान होकायंत्राजवळ पंच नेऊन ही तपासणी सहज करता येते.

वर्षातून दोन वेळा तपासणी

संपूर्ण संचाची तपासणी वर्षातून दोनदा करावी. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा, आणि पावसाळा सरल्यावर खंडेनवमीला दुसऱ्यांदा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करण्याची परंपरा आहेच. त्याच दिवशी मोजणी केली तर ती विसरली जात नाही. हळद-कुंकू फक्त फ्रेमला लावावे, डाय-प्लेटच्या भोकांत जाऊ देऊ नये, आणि फुलांचा ओलावा दुसऱ्या दिवशी पुसून घ्यावा.

तपासणीत सरळपणाची एक सोपी चाचणी करता येते. डाय-प्लेटच्या सपाट भागावर पातळ कागद ठेवून पोकळ सपाट पंच हलकेच दाबावा. कागदावर पूर्ण वर्तुळ सारख्या दाबाने उमटले तर पंच आणि फ्रेम ठीक आहेत. वर्तुळ एका बाजूस ठळक आणि दुसऱ्या बाजूस पुसट आले तर पंचाचे तोंड किंवा फ्रेम यांत दोष आहे. दुसरा पंच लावूनही ठळक बाजू तीच राहिली, तर दोष फ्रेमचा समजावा.

हरवलेला पंच लेथवर तयारही करता येतो. योग्य जाडीचा सिल्व्हर स्टीलचा तुकडा कातून, लालभडक तापवून तेलात विझवावा आणि नंतर फिकट पिवळा रंग येईपर्यंत हळूहळू तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा.

अर्थसाहाय्याचा विचार

पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांचा समावेश करण्यात आला. त्यांत सोनार, कुलूप बनविणारे, शिंपी यांचा अंतर्भाव आहे, घड्याळ-दुरुस्तीचा नाही. तथापि, ८ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळण्याची तरतूद करण्यात आली आणि सेवा-व्यवसायही या योजनेत बसतात. जुना संच दुरुस्त करणे, अपुरे पंच घेणे, मायक्रोमीटर व पिनांचा संच खरेदी करणे यांसाठी घड्याळजींनी आपल्या बँकेकडे चौकशी करणे इष्ट ठरेल.

किनाऱ्यावरील घराच्या कपाटात बंद पडलेले घड्याळ पुन्हा चालू होते तेव्हा त्याच्या बॅलन्स चाकाला अनेकदा तासाला अठरा हजार, म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार झोके घ्यावे लागतात. ते चाक ज्या रिव्हेटवर उभे असते ते योग्य पंचाच्या चार-सहा हलक्या ठोक्यांनी बसविलेले असते. तो पंच वेळेवर हाती येण्यासाठी एक स्टँड, एक वही आणि वर्षातील दोन दिवस एवढीच गुंतवणूक पुरेशी आहे. येत्या मृगापूर्वी जिल्ह्यातील घड्याळजींनी आपले संच एकदा कापडावर मांडून पाहावेत, आणि ज्यांचे संच माळ्यावर पडून आहेत त्यांनी ते खाली उतरवावेत.